वस्तीतल्या बायकांचं काम, सरकारचे आकडे

निवृत्त होईपर्यंत मी सांगली-मिरजेकडच्या एका सरकारी दवाखान्यात, एचआयव्ही तपासणी केंद्रात, रक्त ओढायचं आणि तपासायचं काम केलं. डॉक्टर नव्हे, तंत्रज्ञ. समुपदेशक समजावते, डॉक्टर सही करतो आणि मधल्या वेळात दुसऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत बसलेल्या माणसाच्या कानावर बरंच काही पडतं, कारण सुई टोचताना भीती घालवायला माणसं बोलत राहतात. तेवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

माझं म्हणणं असं. धंदा करणाऱ्या बायकांमधला एचआयव्ही आटोक्यात आला तो मुख्यतः त्या बायकांनी एकत्र येऊन आणला. सरकार मात्र त्यांना अजूनही कंडोमची पाकिटं वाटणारे हात समजतं.

1990च्या दशकात मुंबईतल्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक बायका बाधित निघत. 2021च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या या बायकांमधलं प्रमाण 1.85 टक्के आलं. सर्वसाधारण प्रौढांत ते 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे फरक अजून नऊपटीचा. हुरळून जाण्याजोगं काही नाही. शिवाय बाधित माणूस मेला तरी प्रमाण घटतंच. एचआयव्हीवरची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, सुरू झाली एप्रिल 2004 मध्ये. त्याआधी गेलेल्या बायका कोणत्या यशोगाथेत धरायच्या, हे मला कुठल्या अहवालात सापडलेलं नाही.

सुरुवातीला सरकारला या बायका म्हणजेच रोग वाटत होत्या. देशात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला 1986 मध्ये मद्रासला. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने तिथल्या महिला सुधारगृहातल्या बायकांचं रक्त गोळा केलं आणि वेल्लोरला तपासून घेतलं. विज्ञान म्हणून ते मोठंच काम. पण पुढे काय झालं? 1990 मध्ये मुंबईच्या वस्त्यांवर धाडी पडल्या आणि आठशेच्या आसपास तमिळ बायकांना रेल्वेत बसवून मद्रासला धाडण्यात आलं. गाडीला नाव दिलं ‘मुक्ती एक्स्प्रेस’. तिकडे त्यांना कोंडून ठेवलं, न विचारता रक्त तपासलं. आज असं करणं बेकायदा आहे. 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू झाला आणि संमतीशिवाय चाचणी करायची सोय संपली. तेव्हा मात्र त्याला मुक्ती म्हणत होते.

धाडीने एचआयव्ही थांबत नाही, याचं कारण साधं आहे. धाड पडली की बाई पांगते. नव्या गावात ओळख नसते, भाडं थकतं, घरवालीचं, म्हणजे कोठी चालवणारीचं, देणं वाढतं, आणि मग गिऱ्हाईक म्हणेल तसं.

1992 मध्ये दोन ठिकाणी वेगळं घडायला लागलं. कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी धंद्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून नेमलं; 1995 पर्यंत तिथे बायकांची दरबार ही संघटना आणि उषा नावाची सहकारी पतसंस्था उभी राहिली. पतसंस्थेचा आणि एचआयव्हीचा काय संबंध, असं आमच्याकडचे एक साहेब विचारायचे. सावकाराचं व्याज डोक्यावर नसलं की बाई नाही म्हणू शकते, हा संबंध. मुंबईत निम्म्याच्या वर गेलेलं प्रमाण सोनागाचीत तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास रोखलं गेलं. आणि त्याच 1992 साली आमच्या सांगलीत, गोकुळनगरात, मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेने काम धरलं. 1996 मध्ये तिथल्या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पुढे 2005 मध्ये अमेरिकेच्या मदतीबरोबर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून देण्याची अट आली, तेव्हा संग्रामने ती मानली नाही आणि पैशावर पाणी सोडलं. आपल्याकडे निधीसाठी माणसं काय काय लिहून देतात, ते पाहिलेल्या माणसाला याचं मोल कळेल.

गोकुळनगरासारख्या वस्तीत कंडोम रुजला तो असा. एकटी बाई आग्रह धरते तेव्हा गिऱ्हाईक उठून शेजारच्या खोलीत जातं, आणि शेजारणीला चूल पेटवायचीच असते. म्हणून नियम एकटीचा असून भागत नाही, गल्लीचा लागतो. सगळ्यांनीच नाही म्हटलं की गिऱ्हाईक जाणार कुठे? दारू पिऊन दंगा केला तर चार बायका बाहेर येणार. हे पोस्टर लावून होत नाही, त्यासाठी रोज संध्याकाळी गल्लीत हजर असलेलं, उधारी आणि भांडणं माहीत असलेलं कुणीतरी लागतं. सरकारच्या एचआयव्ही प्रकल्पाच्या भाषेत तिला पीअर म्हणतात. आमच्याकडे अशी एक अक्का यायची, मूळची कर्नाटकातली. पाच-सहा जणींना घेऊन यायची आणि नवीच्या शेजारी बसून तिचा दुसरा हात धरायची. समुपदेशनाच्या खोलीत जे कळलं नसेल, ते ती बाकावर कानडीत पुन्हा सांगायची. एकदा मी उगाच विचारलं, गिऱ्हाईक जादा पैसे देतो म्हणालं तर? “शंभर जास्त देतंय भाऊ, पन मागनं दवाखान्याला कोन घालनार?” माझ्या केंद्रातल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा हा हिशोब बायकांना लवकर पटायचा.

तरीही पॉझिटिव्ह निघायच्या, आणि बऱ्याचदा धंद्यामुळे नव्हे, मालकामुळे. मालक म्हणजे घरवालीचा मालक नव्हे. बाईचा कायमचा माणूस, ज्याच्या नावाने ती कुंकू लावते, पोरांच्या शाळेत ज्याचं नाव लागतं. गिऱ्हाइकासमोर पाकीट काढणारी बाई त्याच्यासमोर काढत नाही. काढलं तर विश्वास नाही असा अर्थ होतो. लग्नाच्या घराघरांत हेच होतं, फक्त तिथल्या बायकांची सहा महिन्यांनी तपासणी होत नाही. मालकाला केंद्रापर्यंत आणणं सर्वांत अवघड. ते काम मी अक्कासारख्यांनाच जमताना पाहिलं. आमच्यातल्या कुणाला नाही.

आता सरकार या कामाकडे कसं बघतं ते पाहा. प्रकल्पात एका पीअरकडे साधारण साठ बायका असतात. महिन्यात किती जणी भेटल्या, किती कंडोम गेले, तीन महिन्यांनी कितींची वैद्यकीय तपासणी झाली, सहा महिन्यांनी कितींची एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी झाली, हे सगळं भरायचं. नोंदी हव्यातच, मी स्वतः नोंदवह्यांवर नोकरी काढली. पण रात्री दोन वाजता चौकीतून एखादीला सोडवून आणलं, मालकाने फोडलेल्या बाईला टाके घालून आणले, याला रकाना नाही. आणि या सगळ्याला पगार नसून मानधन, तेही खोलीच्या भाड्याला पुरणार नाही एवढं, आणि निधी अडकला की तेही महिनोन्‌महिने रखडलेलं. त्याच इमारतीत माझा पगार कधी तारीख चुकला नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, 2007 नंतर, हे प्रकल्प हळूहळू बायकांच्याच संघटनांकडे सोपवायचं धोरण कागदावर आलं होतं. काही ठिकाणी सोपवलेही. बाकी ठिकाणी बाई अजून पिशवी घेऊन फिरते आणि निर्णय ऑफिसात होतो.

याची किंमत आता जास्त मोजावी लागणार आहे, कारण गल्ल्या मोडत आहेत. धंदा मोबाइलवर गेला, लॉजवर गेला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला. तिथे शेजारची खोली नाही, हाकेला येणाऱ्या चौघी नाहीत. अशा बाईचा नंबर कुणाकडे असेल तर तो दुसऱ्या धंद्यातल्या बाईकडे. तिला बाजूला ठेवून हे काम करू पाहणारा अधिकारी मला भेटायला आवडेल.

आणि पोलीस. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात स्पष्ट सांगितलं की या बायकांना सन्मानाने वागवावं आणि कंडोम जवळ असणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. पर्समधली पाकिटं मुद्देमाल म्हणून जप्त होण्याची धास्ती असेल तर बाई पर्समध्ये पाकिटं ठेवणार नाही. आरोग्य खात्याने फुकट वाटायचं आणि गृहखात्याने उचलून न्यायचं, असा हा कारभार. धंदा गुन्हेगारीच्या चौकटीतून बाहेर काढला तर दहा वर्षांत 33 ते 46 टक्के नवे संसर्ग टळू शकतात, असा अंदाज 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. तो कुठल्या औषधाचा परिणाम नव्हता.

मग पळवून आणलेल्या मुलींचं काय, हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. अल्पवयीन मुलगी किंवा जबरदस्तीने आणलेली बाई हा गुन्हा आहे, तिथे पोलीस हवेतच. पण वस्तीत नवी मुलगी आली हे आधी कळतं कुणाला? सोनागाचीत बायकांचीच मंडळं येणाऱ्या मुलीचं वय आणि मर्जी तपासतात. त्यांच्याशी वैर धरून पोलिसांना अशी खबर मिळायची नाही.

तेव्हा मागण्या मोठ्या नाहीत. पीअरचं मानधन बंद करून तिला आरोग्य कर्मचाऱ्याचा पगार द्या आणि तो वेळेवर द्या. जिथे बायकांची संघटना उभी आहे, तिथला प्रकल्प सहीच्या अधिकारासह तिच्या हवाली करा. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी ठाण्यांना एक परिपत्रक काढावं, की पंचनाम्यात कंडोमची नोंद होणार नाही. पहिल्या दोन गोष्टींना निधी लागेल. तिसरीला एक कागद पुरतो, आणि न्यायालयाच्या आदेशाला इतकी वर्षं होऊनही तो निघाला नसेल तर त्याचा जाब आपल्या आमदाराने विधानसभेत विचारला पाहिजे.