वस्तादाची जागा रिकामी

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की शहरातील मैदाने, तरणतलाव आणि व्यायामशाळा मुलामुलींनी गजबजून जातात. पहाटे पोहण्याचा वर्ग, दुपारी बॅडमिंटन, सायंकाळी क्रिकेटचे शिबिर असा भरगच्च कार्यक्रम घेऊन धावणारी मुले आणि त्यांच्यामागे पाण्याच्या बाटल्या सांभाळीत धावणारे आईबाप हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. ज्या मध्यमवर्गाने एके काळी ‘खेळून का पोट भरते?’ असे मुलांना दरडावून विचारले, त्याच वर्गाने आज त्यांना मैदानाची वाट दाखवावी, ही समाधानाची गोष्ट होय. या उत्साहावर विरजण घालण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु या धावपळीत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि तो विचारणे आम्हांस कर्तव्य वाटते. या मुलांच्या शरीराचा हिशेब कोण ठेवतो?

एक उदाहरण घेऊ. १३ वर्षांचा एक मुलगा आठवड्यातील सहा दिवस सकाळी तासभर पोहतो. तीन दिवस सायंकाळी दोन-दोन तास क्रिकेटच्या जाळीत गोलंदाजी करतो. उरलेले तीन दिवस शाळेच्या कबड्डी संघाबरोबर दीड-दीड तास घालवितो. आणि रविवारी चार तास सामना खेळतो. ही बेरीज साडेवीस तास भरते. तरणतलावावरील शिक्षकाला यांतले सहा तास ठाऊक असतात, क्रिकेटच्या प्रशिक्षकाला दहा, आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला साडेचार. मुलगा आपल्याकडे फार काही करीत नाही, असेच प्रत्येकाला वाटते आणि आपापल्या परीने तिघेही खरे बोलतात. खांदा मात्र एकच असतो! अमेरिकेतील नॅशनल अ‍ॅथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन या संस्थेने २०१९ साली पालकांना व प्रशिक्षकांना एक सोपा दंडक घालून दिला: मुलाचे वय जितक्या वर्षांचे, तितक्या तासांहून अधिक संघटित खेळ आठवड्यात नको, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस सराव व सामने यांपासून पूर्ण सुट्टी हवी. आमच्या उदाहरणातील मुलाने ही मर्यादा साडेसात तासांनी ओलांडली आहे आणि त्याच्या वाट्याला सुट्टीचा एकही दिवस आलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, मग तीन खेळ हवेत कशाला? एकच धरावा आणि त्यातच पारंगत व्हावे. सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी, १९८९ साली, भारताकडून कसोटी खेळला, हे उदाहरण तर आपल्या घराघरांत दिले जाते. परंतु शिखरावर पोहोचलेला एक दिसतो. त्याच वाटेवर लहानपणीच जायबंदी होऊन परतलेले कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. अपवादाला नियम मानून मुलांची आयुष्ये आखणे शहाणपणाचे नव्हे. सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या माहितीवर आधारलेला एक तौलनिक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. प्रौढपणी जागतिक दर्जा गाठणारे खेळाडू राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत बालपणी अधिक खेळ खेळलेले होते, आपल्या मुख्य खेळाकडे ते उशिरा वळले आणि आरंभी त्यांची प्रगती मंद होती, असे त्यात आढळले. नॉर्वेने तर १९८७ सालीच बालक्रीडेची नियमावली केली. तेथे ११ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत गुणानुक्रम लावीत नाहीत आणि १३ वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नाहीत. त्याच चिमुकल्या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला. तेव्हा अनेक खेळ खेळणे हा दोष नसून गुणच आहे. दोष आहे तो बेरीज न करण्याचा.

ही बेरीज करणे आणि त्या बेरजेला पुरे पडेल असे शरीर घडविणे, हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला ‘स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग’ असे भारदस्त नाव आहे. आपण ‘शरीर कमावणे’ म्हणत आलो आहोत. मात्र या शब्दाने आज मनात येते ती आरशासमोर दंड फुगविणाऱ्या तरुणाची मूर्ती. खेळणाऱ्या मुलाचे शरीर कमावणे याचा अर्थ अगदी निराळा आहे. उडी मारल्यावर गुडघे आत न वळविता नीट उतरावे, वेगाने धावताना तोल न जाता थांबावे, कंबर व पाठ स्थिर ठेवून ओझे उचलावे, कोणत्याही एका खेळाने न घडणारे स्नायू घडवावे आणि दमसास वाढवावा, हे त्यातले मूळ धडे होत. मुलांच्या व प्रौढांच्या २५ चाचण्या एकत्र करून २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात, बळाच्या व्यायामाने खेळातील दुखापती एक तृतीयांशाहूनही कमी झाल्याचे दिसले. २० मिनिटांचा जो तयारीचा व्यायाम जागतिक फुटबॉल महासंघाने पुरस्कारिला आहे, त्यालाही महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो शिकविणारा जाणता माणूस आणि नेम.

वजने उचलली तर मुलांची उंची खुंटते, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट रुजलेली आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, बेताच्या वजनाने आणि शुद्ध पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते याला शास्त्रात आधार नाही. सूचना समजून पाळण्याची कुवत आली, म्हणजे साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षापासून, मूल असा व्यायाम सुरू करू शकते, असे बालरोगतज्ज्ञांचे मत आहे. परंतु या सत्याचा विपर्यास करून १२ वर्षांच्या मुलाला कोपऱ्यावरच्या जिममध्ये प्रौढांच्या रांगेत उभे करणे आणि मित्रांच्या पैजेवर त्याच्याकडून वजने उचलवून घेणे हा शुद्ध अविचार होय. भीती खोटी आहे म्हणून बेफिकिरी खरी ठरत नाही.

त्यातून हे वय मोठे नाजूक. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या काळात हाडे पुढे धावतात आणि स्नायू मागे राहतात. काल सफाईने धावणारे मूल आज अडखळते, गुडघ्याखाली, टाचेत दुखू लागते. ही कामचुकारी नसून वाढ आहे, हे ओळखणारा माणूस जवळ नसेल तर त्याच मुलाला दंड म्हणून मैदानाच्या चार फेऱ्या जास्त मिळतात. एकाच इयत्तेतील दोन मुले शरीराने दोन-तीन वर्षांच्या अंतरावर असू शकतात. १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील अशा शालेय स्पर्धांच्या वयोगटांना हे अंतर दिसत नाही. मुलींची स्थिती अधिक बिकट आहे. उड्या व वळणे असलेल्या खेळांत गुडघ्याचा आतील अस्थिबंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांहून कितीतरी अधिक असतो. तो कमी करणारे व्यायाम माहीत आहेत, पण ते शिकवितो कोण? आणि चार तास मैदानावर असलेली मुलगी दिवसभरात पुरेसे जेवली काय, तिची पाळी नियमित आहे काय, हे प्रश्न विचारणे तर दूरच राहिले.

आम्हांस येथे आपल्या जुन्या तालमीची आठवण होते. आखाड्यात उतरणाऱ्या पोराने आज किती जोर काढले, किती बैठका मारल्या, काय खाल्ले, रात्री कधी निजला, हे वस्तादाला ठाऊक असे. एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला तर वस्ताद त्या दिवशी त्याला मातीत उतरू देत नसे. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव याच मातीत वाढले. त्या काळचे सारेच चांगले होते, असे आम्ही म्हणत नाही. तालमीचे दार मुलींना बहुधा बंदच असे आणि तेथील कित्येक समजुती आज टिकणाऱ्या नाहीत. परंतु संपूर्ण मुलाची जबाबदारी घेणारा एक माणूस तेथे होता. आज मुलाला तीन प्रशिक्षक आहेत, आणि वस्तादाची जागा रिकामी आहे.

ती कोणी भरावी? आमच्या मते पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी शाळेची आहे. मुलाचे सर्व खेळ ज्याला कळू शकतील असा शाळेतला क्रीडाशिक्षक हाच एक माणूस आहे. परंतु व्यायामाचा तास गणिताला उसना देण्याची जी रीत पडली आहे, ती प्रथम मोडली पाहिजे. क्रीडाशिक्षकांना या शास्त्राचे शिक्षण शासनाने द्यावे. प्रत्येक खेळाडू मुलाची एक साधी वही असावी आणि आठवड्याचे तास, सामने, झोप, दुखणे व उंची यांची नोंद तीत सर्व प्रशिक्षकांनी करावी. महापालिकेने आपली मैदाने व तलाव शिबिरांसाठी भाड्याने देताना प्रशिक्षकाची पात्रता पाहावी. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडागुणांच्या सवलतीला आमचा विरोध नाही. पण त्या गुणांसाठी दुखरा गुडघा बांधून मुलाला स्पर्धेत उतरविणारा पालक मुलाचे हित करीत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वही घालावयास शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. ती आज रात्री, आपल्या घरी, दोन रुपयांच्या पेन्सिलीने सुरू करता येईल.

आपण मुलांच्या शिकवणीचा हिशेब ठेवतो, गुणांचा ठेवतो, शुल्काच्या पावत्या तर फायलीत जपून ठेवतो. ज्या शरीरावर हे सारे उभे आहे, त्याच्याच खात्याचे पान कोरे का? पंचविसाव्या वर्षी आपले मूल पदकविजेते असेलच, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. पण त्या वयात ते आनंदाने धावू शकेल, पोहू शकेल, एखादा खेळ खेळू शकेल, एवढे पाहणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. या सुट्टीत नवे शिबिर शोधण्यापूर्वी पालकांनी ती बेरीज एकदा करून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.