चोळी चारचौघांत, माप मात्र पडद्याआड!

भावाकडून चोळीबांगडी चारचौघांत घेणारी आमची गृहिणी पनवेलच्या बाजारात आतल्या कपड्यांपाशी आली की मुकी होते. ‘द्या एक ३४’ म्हणते नि पुडी पिशवीत दडवते. ही शालीनता नव्हे. निव्वळ अज्ञान आहे! छातीखालचा घेर इंचांत मोजा, त्यात चार-पाच मिळवून सम आकडा करा. तो झाला पट्टा. छातीचा पूर्ण घेर त्याहून २ इंच अधिक असेल तर कटोरी ‘बी’, ३ असेल तर ‘सी’. ‘सीमलेस’ म्हणजे बिनशिवणीची, ‘अंडरवायर’ म्हणजे कटोरीखाली तार घातलेली. शिंप्यापाशी ‘कटोरी’ म्हणताना न अडखळणारी जीभ दुकानातच का अडखळावी? रुतणारा पट्टा निमूट सोसणे हा काही स्त्रीधर्म नव्हे. भगिनींनो, यंदा घरी टेप लावा नि दुकानात नाव घेऊन मागा!