फेणीतला ऊस

१९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलचा एनएमआर संकेत तीन ठिकाणी उमटलेला दाखवला: मिथाइल, मिथिलीन, हायड्रॉक्सिल. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आले आणि तिथला एनएमआर गट त्यांनी उभा केला. तोच रेणू दर उन्हाळ्यात पेडणे-डिचोलीच्या काजूच्या भट्ट्यांतून थेंबथेंब गळतो, आणि आपल्या क्षेत्राने त्याच्याकडे पुन्हा नीट बघावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात मळीचं स्पिरिट मिसळलं तर प्रोटॉनचा साधा स्पेक्ट्रम काही सांगणार नाही. इथेनॉल ते इथेनॉलच. सांगतो तो ड्यूटेरियम. ऊस सी-४ वनस्पती, काजू सी-३. उसाच्या अल्कोहोलमध्ये मिथाइल स्थानावरचं ड्यूटेरियम-हायड्रोजन गुणोत्तर दहा लाखांत ११० च्या आसपास असतं, सी-३ वनस्पतींत ते कमी भरतं. फ्रान्समध्ये नॅन्त इथे जेरार मार्तँ यांच्या गटाने याच फरकावर वाइनमधली वरून घातलेली साखर पकडण्याची पद्धत १९८० च्या दशकात रुजवली.

अडचण संवेदनशीलतेची आहे. दहा हजार हायड्रोजन अणूंत ड्यूटेरियम जेमतेम दीड, त्यात ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर त्याची वारंवारिता फक्त ६१.४. संकेत दुप्पट स्पष्ट हवा तर स्कॅन चौपट. एकेका नमुन्याला तासन् तास लागले तर हंगामातल्या सगळ्या भट्ट्या कधी तपासून व्हायच्या?

इथे वेग वाढवण्याचे उपाय डोळे मिटून उचलता येत नाहीत. हायपरपोलरायझेशनने संकेत हजारो पटींनी वाढल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. पण ती वाढ रेणूतल्या प्रत्येक स्थानावर सारखी नसते, आणि आपल्याला हवं आहे दोन स्थानांमधलं अचूक प्रमाण. या कामासाठी आम्ही ती पद्धत स्पष्टपणे नाकारतो. विश्रांतीचा काळ कापून स्कॅन दामटणंही परिमाणात्मक मापनात घातकच. सुदैवाने ड्यूटेरियम क्वाड्रुपोलर केंद्रक असल्यामुळे लवकर विसावतो. वेळ जातो तो मुख्यतः संकेत नोंदवण्यात.

खरा फायदा क्रायोप्रोबमध्ये आहे. ड्यूटेरियमसाठी जुळवलेली कॉइल वीसेक केल्व्हिनपर्यंत थंड केली की संकेत-नॉइज गुणोत्तर तिप्पट-चौपट होऊ शकतं, म्हणजे वेळ नऊ ते सोळा पटींनी कमी. मिठाचं पाणी क्रायोप्रोबचा निम्मा फायदा खाऊन टाकतं, हे सागरी नमुन्यांवर काम करणाऱ्या आपल्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. ऊर्ध्वपातित अल्कोहोलमध्ये ते संकट नाही. कार्बन-१३ कडून जायचं ठरवलं तर आयनेप्टसारखं ध्रुवीकरणाचं हस्तांतर वेळ वाचवतं, मात्र हस्तांतराची कार्यक्षमता नमुन्यागणिक स्थिर आहे हे आधी सिद्ध करावं लागेल.

मोठा चुंबक आणि त्याचं द्रव हीलियम यांची मागणी करण्याआधी अशा प्रोबचा प्रस्ताव गोवा विद्यापीठ आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने एकत्र मांडावा. विर्नोडा आणि साखळीच्या सरकारी महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नमुने गोळा करण्याची बाजू सांभाळावी. भट्ट्या त्यांच्या गावच्याच आहेत.

नमुने घेताना एक काळजी अटळ आहे. अर्धवट ऊर्ध्वपातनात समस्थानिकांची वाटणी बदलते, आणि हुर्राक व फेणी हे तर ऊर्ध्वपातनाचेच दोन टप्पे. म्हणून एकाच भट्टीचा आंबवलेला रस, हुर्राक आणि फेणी असे तिन्ही नमुने बंद बाटल्यांत, तारखेसह घ्यावेत, आणि प्रयोगशाळेत अल्कोहोल जवळजवळ पूर्ण काढून घ्यावं. काजूची खात्रीची संदर्भसंख्या हाती नसताना कोणाच्याही बाटलीवर भेसळीचा शिक्का मारता येणार नाही. बोंडांचा हंगाम मार्च ते मे एवढाच असतो, तेव्हा बाटल्या आणि नोंदवह्या फेब्रुवारीतच तयार हव्यात.