कुंपणाबाहेरचा पाठ

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील शाळाशाळांतून मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेला हार घातला जातो, एखादे भाषण होते आणि विद्यार्थी घरी जातात. १९४८ च्या त्या दिवसामागे खासगी शाळांची जी तपश्चर्या उभी होती, तिचे स्मरण मात्र ओसरत चालले आहे. म्हणूनच अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाकडे आणि त्याच्या परिसराकडे नव्याने पाहणे अगत्याचे आहे.

हैदराबाद संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. खासगी शाळांवर सरकारची करडी नजर असे. अशा काळात, १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे अध्यापन करणाऱ्या व्यंकटेश खेडगीकरांनी १९३२ साली संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईस आले. येथील शाळेतूनच १९३८ साली ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाकडे वळले. वर्गातील खडू खाली ठेवून त्यांनी तुरुंगाची वाट धरली.

या शाळेला पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक मोठे पुस्तक लाभले होते, ते म्हणजे खुद्द अंबाजोगाई. निजामी राजवटीत गावाचे नाव मोमिनाबाद असे लिहिले जाई; शाळेने मात्र नाव घेतले ते ग्रामदेवता योगेश्वरीचे. मराठीतील आद्य ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या, शके १११० च्या ‘विवेकसिंधु’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी परंपरेने येथीलच बालाघाटाच्या दरीत मानली जाते. सुमारे चाळीस हात लांबीच्या वस्त्रावर ‘पंचीकरण’ लिहिणाऱ्या, पासोडीकार दासोपंतांची समाधी याच गावात आहे. हत्तीखान्याच्या लेण्यांत दगडी हत्ती उभे आहेत. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख येथे आहेत. त्याचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत कामी आला आणि बहीण लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारले, ही हकीकत दगडावर कोरलेली आहे. पुढे याच खोलेश्वराचे नाव गावातील दुसऱ्या एका विद्यालयाने धारण केले.

ज्या राजवटीत मायबोलीला शाळेच्या दारात थांबावे लागे, त्या राजवटीतील विद्यार्थ्याला मुकुंदराजांची समाधी पायी जाऊन पाहता येत होती. आपली भाषा दरबारच्या कृपेवर जगलेली नाही, हे त्याला निराळे शिकवावे लागत नव्हते. स्वाभिमानाचा पाठ असा परिसरातूनच मिळतो.

आजचे चित्र काय आहे? तालुक्या-तालुक्यात खासगी शाळा निघाल्या, ही आनंदाचीच गोष्ट आहे. इंग्रजी माध्यमाकडे जाणाऱ्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. लेकरांच्या पोटापाण्याची चिंता खरी आहे. परंतु शाळेचे नाव सातासमुद्रापलीकडचे, सहल दूरच्या करमणूक उद्यानाची आणि गावातला शिलालेख मात्र न वाचलेला, ही स्थिती कोणत्याही माध्यमाच्या शाळेला शोभणारी नाही.

१९९९ मध्ये तालुका झालेल्या जळकोटचेच उदाहरण घ्यावे. तेथील मुलाला १७६१ चे पानिपत पाठ असते. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १७६० रोजी, सदाशिवरावभाऊंनी शेजारच्या उदगीरला निजामाला नमविले, हे त्याला कितपत ठाऊक असते? तो किल्ला आजही उभा आहे. तेथे जाण्यास मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिक्षकाची इच्छा.

प्रत्येक शाळेने परिसरातील एक वास्तू, एक बारव किंवा एक समाधी आपली मानावी. वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांनी तेथे जावे, झाडलोट करावी, वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून ती लिहून ठेवावी. संस्थाचालकांनी याला वेळापत्रकात जागा द्यावी. दुर्लक्षाने ढासळणारी भिंत सरकारी निधीची वाट पाहत कित्येक वर्षे काढते. तिची दखल घेणारी पिढी मात्र शाळेतच घडवावी लागते. स्वामीजींच्या प्रतिमेला घातलेला हार तेव्हाच सार्थ ठरेल.