काटकसर कोणाच्या ताटातून?



उपदेश फुकट मिळतो, म्हणून शेतकऱ्याच्या वाट्याला तो भरपूर येतो. गेल्या उन्हाळ्यात वाडीला अशाच एका शिबिरात आम्ही जाऊन बसलो. गार हवेचा हॉल, पाण्याच्या बाटल्या, समोसे. साहेबांनी पडद्यावर चित्रे दाखवून सांगितले की शेतकऱ्याच्या कर्जाचे मूळ त्याच्या घरातच आहे. चहा कमी करा, लग्ने साधी करा, मोबाईलचा खर्च आवरा, दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाका. आमची माणसे मुंड्या हलवीत होती. काहींनी तर वहीत उतरवून घेतले.

दर महिन्याला! साहेबांना एक तारखेला किती येणार हे ठाऊक असते. आमच्या घरात पैसा येतो तो कापूस निघाल्यावर, नाहीतर संत्र्याचा बगीचा दिल्यावर. किती येणार ते कळमन्याच्या लिलावात दुसराच कोणी ठरवतो. ज्याच्या घरी वर्षातून दोनदा पैसा दिसतो त्याला महिन्याचे गणित शिकवायचे, आणि ते त्याला जमले नाही की उधळ्या म्हणायचे, हा धंदा जुना आहे.

किती जुना ते पाहा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. तेव्हाही साहेबी जगात एकच ओरड होती : कुणबी लग्नात पैसा उडवतो आणि म्हणून बुडतो. इंग्रज सरकारने चौकशीला आयोग नेमला. तो आयोग काही आपल्या सोयऱ्यांचा नव्हता. तरी त्याला लिहावे लागले की लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून फाजील महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने हा खर्च मोठा दिसतो खरा, पण असे प्रसंग क्वचित येतात. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच आरोपाचा समाचार घेतला. म्हणजे हे उत्तर देऊन सव्वाशेच्या वर वर्षे लोटली आणि शिबिरातल्या पडद्यावर आरोप अजून तोच आहे.

आता थोडे गणित करू. घरी वीस क्विंटल कापूस झाला. क्विंटलमागे पाचशे रुपये भाव पडला की दहा हजार गेले. भाव पडायला आपल्या घरात काही व्हावे लागत नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचा ११ टक्के आयात कर माफ केला. ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात यायच्या दिवसांत. आता साहेबांच्या सांगण्याप्रमाणे चहा कमी करा. आठवड्याला अर्धा किलो साखर वाचवली तर वर्षाला २६ किलो. ४४ रुपये किलोने ११४४ रुपये. एका हंगामाचा खड्डा भरायला पावणेनऊ वर्षे बिनसाखरेचा चहा प्यावा लागेल, आणि या पावणेनऊ वर्षांत भाव पुन्हा पडता कामा नये.

इथपर्यंत टाळ्या पडतात. वाडीच्या बैठकीतही पडल्या. पुढचे बोललो तेव्हा पुरुषांच्या बाजूला सामसूम झाली, आणि आम्हाला लिहायचे आहे ते त्याबद्दलच.

कर्ज उधळपट्टीने होत नाही, हे खरे. पण त्यावरून आपल्या घरातला पैसा योग्य ठिकाणी जातो असे सिद्ध होत नाही. बैठकीत आम्ही नवराबायकोंना वेगवेगळे बसवले आणि एकच विचारले : मागल्या वर्षी घरात कुठे काटकसर केली? पुरुषांना आठवेना. एकाने सांगितले, नवी मोटारसायकल घेतली नाही. बायकांच्या बाजूची यादी मात्र संपेना. दूध बंद केले, म्हणजे पोरांचे नाही, स्वतःचे. डाळ पातळ केली. चष्मा फुटला तो तसाच ठेवला. गॅसचे सिलिंडर पाहुण्यांसाठी राखून रोजचा स्वयंपाक चुलीवर केला. माहेरी गेले नाही, कारण तिकीट.

कूलरचेच घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. घराघरांत कूलर आहे, पण तो पुढच्या खोलीत. पाहुणा आला की सुरू, गेला की बंद. मागे चुलीपाशी पोळ्या लाटणाऱ्या बाईला तो कधी लागला का? विचारले तर म्हणाली, बिल येते. दोनशे वॅटचा कूलर आठ तास चालला तर दीड-पावणेदोन युनिट वीज जाते. त्याच घरचा धनी दिवसाला दोन खर्रे घोटतो. खर्रा तीस रुपयांचा धरला तर वर्षाचे झाले २१,९०० रुपये. खर्रा कोणी काटकसरीच्या यादीत घातला नाही.

यातली एक गोष्ट आमच्यापैकीच एकाच्या घरची आहे, म्हणून ती सांगायचा अधिकार आम्हाला आहे. आईला रक्तदाबाची गोळी रोज एक सांगितली होती. ती एक दिवसाआड घ्यायची. महिन्याची पाकिटे दोन महिने पुरवायची. घरात कोणाला पत्ता नव्हता. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, पण तिथे जायचे तर दिवस मोडतो, आणि निंदणाच्या नाहीतर वेचणीच्या दिवसांत घरच्या बाईने दिवस मोडायचा नसतो. गावभर तिचे नाव होते, फार काटकसरी बाई म्हणून. आम्हीच ते कौतुकाने सांगत होतो. हरभरा काढायच्या दिवसांत एका सकाळी तिला लकवा मारला. नागपूरच्या दवाखान्यात एकवीस दिवस. दोन एकर गहाण पडले, ते अजून सुटलेले नाहीत. बाई वाचली, पण उजवा हात गेला. गोळ्यांचे वाचलेले पैसे उशीखाली डब्यात सापडले. सहाशे चाळीस रुपये.

हिला काटकसर म्हणायचे का? सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. आपल्या घरांतली बचत बँकेच्या पासबुकात दिसणार नाही. ती बाईच्या रक्तात कमी पडलेली दिसेल.

दुसरीकडे, जिथे आधी पैसा घालूनच पैसा वाचतो तिथे आपण हात आखडतो. चैत्रात गहू निघतो, तेव्हा वर्षाचा गहू आणि तूरडाळ भरून ठेवली तर स्वस्त पडते. पण तेव्हा हातात पैसा नसतो, किंवा असतो तो साक्षगंधाला ठेवलेला असतो. मग किराणा दुकानातून पाच पाच किलो, उधारीवर, दुकानदार म्हणेल त्या भावाने. गरिबाला सगळेच महाग पडते ते असे. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे राहिले की आषाढात कोठीतले धान्य भिजते. चार मजुरांची मजुरी वाचली आणि दोन पोती धान्य गेले.

आता खास वाडीचे बोलू. अमरावती रोडने निघालात की वाडी, दवलामेटी, वडधामना, पार गोंडखैरीपर्यंत काय दिसते? ट्रान्सपोर्टची गोदामे, लेआऊटचे दगड आणि लग्नाचे लॉन. एके काळची ही शेते. वाडी तेव्हा ग्रामपंचायत होती, आता नगर परिषद आहे. शेत विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. शेती तोट्यात ठेवली, म्हणून तो विकतो. पण विकून आलेला पैसा घरात आला की सगळ्या घराला वाटते, कमाई झाली. ती कमाई नव्हे. पीक विकणे वेगळे आणि शेत विकणे वेगळे. दूध विकले तर उद्या पुन्हा दूध निघते, म्हैस विकली तर दावे रिकामे राहते. घर दोन मजली झाले, दारात चारचाकी उभी राहिली, लॉनवर हजार पाने उठली. आणि सहा-सात वर्षांनी पोरगा चौकीदाराचा गणवेश घालून गोदामाच्या फाटकावर उभा आहे. गोदाम बापाच्याच शेतात आहे. धुऱ्यावरचा आंबा कुठे होता हेही त्याला माहीत आहे. असे पोरगे एक नाही.

लॉनवरच्या हजार पानांबद्दल मात्र न्यायाने बोलले पाहिजे. ती पाने काय मुलीच्या बापाला हौस म्हणून उठली? मानपान, आंदण, वरातीचा बँड, किती माणसे येणार, हे सारे वरपक्ष सांगतो. हुंड्याला कायद्याने बंदी १९६१ पासून आहे. उधळपट्टी म्हणून ज्याला शिव्या पडतात त्याच्याकडून ती वसूल केलेली असते. म्हणून ‘लग्न साधे करा’ हा उपदेश मुलीच्या बापाला करून उपयोग नाही, तो वरबापाला केला पाहिजे. आणि वरबाप काही परदेशातून येत नाहीत. छातीला बिल्ला लावून रस्ता रोको करणारे, कापसाच्या भावासाठी तुरुंगात जाऊन आलेले वरबाप आमच्यात आहेत. व्यापाऱ्याने काट्यात किलो मारला तर जे पेटून उठतात, ते व्याह्याच्या घरी काटा लावून बसतात.

आणखी एक बोचरी गोष्ट. लग्नात एवढा खर्च केला, आता तुझा वाटा फिटला, असे सांगून बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. जेवण गावाने जेवले आणि ते मांडले बहिणीच्या नावे!

आमच्या विदर्भाच्या मातीत या गोष्टीचा निकाल एका माणसाने कधीच लावून ठेवला होता. गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव हेच सांगत हिंडले. कर्ज काढून सण, तेरवी, लग्न करू नका, पण घरची भांडी विकावी लागली तरी पोराला शाळेत घाला. त्यांनी नुसते सांगितले नाही, स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून गोड जेवण घातले. बाबा खर्चाच्या विरुद्ध नव्हते. पैसा लोकांच्या डोळ्यांसाठी जातो की घरच्या माणसासाठी, एवढेच ते पाहत. बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या असेही बाबा म्हणत. बाकीचे विसरून आमच्या पुरुषांनी तेवढे मात्र नेमके लक्षात ठेवले!

चांदवडला १९८६ साली हजारो शेतकरी बाया जमल्या, पुढे लक्ष्मीमुक्तीत काही गावांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून दिली. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. जमीन तर सोडाच, कापसाची पट्टी हातात आल्यावर ती आधी घरच्या बाईसमोर ठेवणारे किती आहेत? ज्या घरात मोठा खर्च पुरुष ठरवतो आणि छोटी बचत बाईवर सोडतो, त्या घरात बचत तिच्या ताटातून आणि गोळ्यांतूनच होणार. तिच्या हातात तेवढेच असते.

म्हणून वाडीच्या बैठकीत ठरले ते असे. पट्टी आली की वर्षाचे धान्य, औषध, शाळा आणि बियाणे यांचे पैसे पहिल्या दिवशी वेगळे काढायचे आणि ते बाईच्या खात्यात ठेवायचे. राहील त्यात सण आणि पाहुणे. शेत विकायची वेळ आलीच तर बायको आणि बहिणी यांना सोबत बसवल्याशिवाय इसारपावती करायची नाही. आणि आमच्यातल्या ज्यांच्या घरी मुलगे लग्नाचे आहेत त्यांनी बैठकीत उभे राहून सांगायचे की आंदण घेणार नाही आणि माणसे शंभरावर आणणार नाही. शेवटच्या कलमावर बराच वेळ कोणी उठले नाही. मग तिघे उठले.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना जोडीने या. मागल्या हंगामाची पट्टी आणि घरच्या बाईने सांगितलेली यादी, दोन्ही सोबत आणा. यादी तिच्याच हातची असावी, तुमच्या नव्हे. बाकीचे नऊ वरबाप कोण, ते वाडीच्या मंडळींना माहीत आहे.