उघड्या टपाच्या गाडीचा सातबारा

ज्या प्रांतात ज्येष्ठाच्या उत्तरार्धापासून भाद्रपदाच्या अखेरीपर्यंत आभाळ माणसाच्या डोक्यावर अव्याहत पाणी ओतीत असते, त्या प्रांतात टप उघडून फिरण्यासाठीच जन्मास आलेली दोन आसनांची मोटार विकत घेण्याची इच्छा एखाद्या सुबुद्ध गृहस्थास का व्हावी, हा प्रश्न मी उपस्थित करणार नाही. शौक जमाखर्चाच्या वहीत मावत नाही आणि तो मावलाच पाहिजे असा माझा आग्रहही नाही. परंतु हा शौक आता केवळ सरदार-जहागीरदारांच्या वारसांपुरता उरलेला नाही. नवी असताना जिच्या किमतीत पुण्याच्या उपनगरात सदनिका आली असती, अशी परदेशी बनावटीची कन्व्हर्टिबल दहा-बारा वर्षे उलटल्यावर एखाद्या नव्या देशी मोटारीच्या भावात मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात उभी दिसते, आणि मध्यम वयाचा, मध्यम मिळकतीचा, अन्यथा चोखंदळ असा माणूस तिच्यापुढे आपली सारी चोखंदळ वृत्ती गहाण टाकून इसार देऊन मोकळा होतो. त्याच्या या उतावळेपणापेक्षाही अधिक काळजीची बाब अशी की, त्याने सबुरीने चौकशी करावयाचे ठरविले तरी त्या गाडीचा पूर्वेतिहास त्यास कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

बंद टपाच्या मोटारीहून या जातीचे दुखणे निराळे असते, आणि त्याचे मूळ बहुधा इंजिनात नसून पाण्याच्या निचऱ्यात असते. कापडी टपावरून ओघळणारे पाणी गाडीबाहेर जावे म्हणून आसनांच्या मागे दोन्ही बाजूंस लहान मोऱ्या आणि नळ्या ठेवलेल्या असतात. गुलमोहराच्या पाकळ्या, कडुनिंबाची पाने, रस्त्यावरची धूळ यांचा लगदा त्यांत बसला की पाणी आपली वाट आपणच शोधते. 1989 साली अवतरलेल्या आणि पुढे दहा लाखांचा टप्पा ओलांडलेल्या माझ्दा एमएक्स-5 या लोकप्रिय गाडीत ते दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत शिरते आणि पत्रा आतून कुजवीत जाते; वरचा रंग मात्र शाबूत असतो. 2002 साली आलेल्या पहिल्या बीएमडब्ल्यू झेड-4 मध्ये टप उघडझाप करणारी हायड्रॉलिक मोटार नेमकी टपाच्या कप्प्याच्या तळाशी, जेथे तुंबलेले पाणी साचते तेथेच बसविलेली असल्यामुळे, एक मोरी तुंबली की ती मोटार बुडून जळते. म्हणून जाणते मिस्त्री ती पुन्हा त्याच खड्ड्यात न घालता डिकीत हलवितात. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये तर चोरीस प्रतिबंध करणारी विद्युत्-पेटी आसनाखाली गालिच्याच्या पातळीवर ठेवलेली आहे, आणि तिच्यात पाणी गेले की गाडी स्वतःच्या धन्यासही चोर समजू लागते. त्या गाड्यांच्या इंजिनातील इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग हा आणखी एक कुप्रसिद्ध प्रकार: ते फुटले तर बहुधा सबंध इंजिनच जाते, आणि ते बदलावयाचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून क्लच बदलताना तेही उरकून घेतल्याची पावती विक्रेत्याजवळ असेल तर तिला त्या गाडीच्या नव्याकोऱ्या रंगाहून अधिक मोल द्यावे.

विक्रेता अशी गाडी दाखविताना टप उघडून ठेवतो. उघड्या गाडीचे रूप खुलते हे खरेच; पण मिटलेल्या टपाच्या घडीत विरलेले कापड, उसवलेली शिवण आणि मागच्या प्लास्टिकच्या खिडकीवरची पिवळट चीर हीही झाकली जातात. तेव्हा टप लावावयास सांगावे, पुन्हा उघडावयास सांगावे, आणि पुन्हा लावावयास सांगावे. दुसऱ्या खेपेस जी मोटार कण्हू लागते ती पहिल्या खेपेस गप्प असते. माझ्या परिचयाचे एक वयोवृद्ध मिस्त्री गाडीच्या बॉनेटला हात लावण्यापूर्वी आसनाचा पट्टा त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढतात. रोज वापरात येणारा पट्ट्याचा भाग धुऊन स्वच्छ करता येतो, पण गुंडाळीच्या पोटात राहिलेल्या वीतभर भागावर पुराच्या गाळाची करडी रेघ तशीच राहते. मग ते पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलतात, त्याखालचा फोम दोन बोटांत दाबून नाकाशी नेतात, आणि सुगंधी फवाऱ्याआड दडलेला कुबट वास आला की बोलणे न वाढविता चहा मागवितात; त्या चहाचा अर्थ सोबत आलेल्या गिऱ्हाइकास कळलेला असतो. तांब्याभर पाणी मोरीत ओतून ते मागच्या चाकापुढे धार धरून बाहेर येते की नाही हे पाहणे हा त्यांचा पुढचा विधी. टायरची नक्षी नवी दिसली म्हणूनही ते भुलत नाहीत. शौकाची गाडी थोडी चालते, म्हणून टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, आणि त्यांच्या कडेवरील चार आकडे, उदाहरणार्थ 3214, हे 2014 सालच्या बत्तिसाव्या आठवड्याचा जन्मदाखला असतात.

पण प्रत्येकास असा मिस्त्री लाभत नाही, आणि माझी मूळ तक्रार येथूनच सुरू होते. गावाकडची अर्धा एकर जिरायत घ्यावयाची झाली तरी आपण तलाठ्याकडून सातबाराचा उतारा काढतो, जुने फेरफार पाहतो, 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचा बोजा आहे हे वाचतो. त्या जमिनीच्या कित्येक पट किमतीच्या मोटारीच्या नोंदणी-पुस्तकात मात्र कर्जाचा बोजा तेवढा सापडतो. ती पुरात बुडाली होती किंवा अपघातात मोडली होती, याचा शेरा तेथे नसतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढेही असे पावसाळे आले. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला की गाडी 'टोटल लॉस' ठरते, आणि परदेशी सुट्या भागांच्या किमती पाहता उघड्या टपाच्या गाडीस ती पायरी गाठावयास कंबरभर पाणीही लागत नाही. तिचा सांगाडा विकला जातो, कोणीतरी तो सुकवून चकचकीत करतो, आणि परगावी ती 'एकहाती, कमी चाललेली' म्हणून पुन्हा अवतीर्ण होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असल्यामुळे तोवर योग्यता-तपासणीसाठी ती कोणा सरकारी निरीक्षकापुढे उभीही राहत नाही.

इंग्लंडात तीन वर्षांवरील गाडीची दरवर्षी तपासणी होते, आणि केवळ क्रमांक घालून कोणासही तिचे पूर्वीचे निकाल, नापासाची कारणे आणि त्या त्या वेळचे किलोमीटर-मापकाचे आकडे विनामूल्य वाचता येतात. सांगाड्यास इजा होऊन विमा कंपनीने मोडीत काढलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आली तर तिच्या नोंदणीपत्रावर तसा उल्लेख राहतो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत मालकीपत्रावर पुराचा शिक्का बसतो. आपल्याकडे वाहनांचे दप्तर संगणकावर आले आहे, विमा कंपन्यांपाशी दाव्यांची माहिती आहे; या दोहोंची गाठ घालून 'टोटल लॉस' हा एक शेरा नोंदणीवर कायम करावा, एवढीच मागणी आहे. खोटे फेरफार सातबारावरही चढतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे; म्हणून सातबाराच नको असे कोणी म्हणत नाही.

विक्रेत्यांनीही दप्तराची ही बाजू हलक्याने घेऊ नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 50 नुसार राज्यांतर्गत विक्रीची खबर विक्रेत्याने चौदा दिवसांत द्यावयाची असते, आणि नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे की नोंदणीवर ज्याचे नाव, नुकसानभरपाईच्या प्रयोजनार्थ तोच मालक. एकोणतीस व तीस क्रमांकांच्या अर्जांवर कोऱ्या सह्या करून दलालाच्या हवाली करणारा गृहस्थ गाडीतून उतरतो, पण दायित्वातून उतरत नाही.

शेरा येईल तेव्हा येवो. तोवर ज्यास ही हौस पुरवावयाची आहे त्याने दिवाळीनंतरच्या प्रसन्न उन्हात, भाव चढलेले असताना आणि प्रत्येक गालिचा खडखडीत वाळलेला असताना गाडी पाहण्यापेक्षा, आषाढात, चार दिवसांच्या झडीनंतर, विक्रेत्यास आधी फारशी वर्दी न देता पाहावयास जावे.