बिनहिशेबी लाल दिवा

पावसाळा तोंडावर आला की महावितरण घरातले अर्थिंग तपासून घेण्याचे आवाहन करते, आणि पुणेकर ग्राहक स्विचबोर्डावरचा लाल इंडिकेटर लागलेला पाहून निश्चिंत होतो. राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २०११ च्या आवृत्तीत घराचा विद्युतभार ठरवताना दिवा, पंखा आणि सॉकेट हे ‘पॉइंट’ म्हणून मोजले जातात. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला १०० वॅट, तर गीझरसारख्या उपकरणाच्या १६ अँपिअर सॉकेटला १००० वॅट धरले जातात, आणि दिवे, पंखे व लहान सॉकेट मिळून एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा, असा दंडक आहे. ज्या लहान सॉकेटच्या नावे हे १०० वॅट मांडलेले असतात, त्याच सॉकेटात रोज सकाळी हजार वॅटची इस्त्री बिनदिक्कत खोचली जाते, ही गोष्ट वेगळी.

इंडिकेटरला मात्र या यादीत जागाच नाही, आणि त्याचे कारणही रास्त आहे. तो उजेडासाठी नसतो आणि त्याला फार तर अर्धा वॅट लागतो, त्यामुळे वर्षभर अखंड जळूनही तो साडेचार युनिटच्या पुढे जात नाही. त्याची साक्षही तेवढीच तोकडी असते, कारण तो फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेला असल्याने वीज आल्याचे तेवढे सांगतो. या दोन तारांची अदलाबदल झाली किंवा सॉकेटच्या मोठ्या छिद्रामागे अर्थची तारच नसली, तरी त्याच्या लालीत फरक पडत नाही. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या घरात जाताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी खरे रक्षण करते; पण ती दाराआडच्या वितरण पेटीत (डीबीत) असते आणि तिचे चाचणीचे बटण दाबण्याची आठवण कोणाला होत नाही.

मोटारींवरचा लाल दिवा २०१७ मध्ये उतरला, तरी लाल दिवा दिसला की सारे आलबेल मानण्याची सवय घरात टिकून आहे. सदनिकेच्या माहितीपत्रकात मॉड्युलर स्विचच्या कंपनीचे नाव ठळक छापणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांनी त्याखाली अर्थिंगचा मोजलेला रोधही ओहममध्ये छापावा. म्हणजे पुणेकर ग्राहकाला निदान मुद्द्यावर भांडता येईल.